बाण, तीर, कमठा, कमान : हत्यार बदलले, मग शब्दाचे काय झाले?

प्रश्न : पेशवाईतील युद्धवर्णनांत तोफांच्या जोडीने ‘बाण’ येतात. अठराव्या शतकात फौजा धनुष्यबाणाने लढत होत्या, असे समजावे काय? तसेच ‘धनुष्य’, ‘कमठा’ आणि ‘कमान’ यांत फरक कोणता?

उत्तर : तेथील ‘बाण’ म्हणजे दारू ठासलेली, काठीला बांधून पेटवून सोडायची नळी होय. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातील मराठी-इंग्रजी कोशात या शब्दाला तीराबरोबर हाही अर्थ दिलेला आहे, आणि असे बाण सोडणाऱ्याला ‘बाणदार’ म्हणत. म्हैसूरकरांनी ही नळी लोखंडाची केली. 1780 च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना तिचा तडाखा बसला आणि पुढे तिच्याच नमुन्यांवरून विल्यम काँग्रीव्ह या इंग्रज संशोधकाने इंग्लंडात आपले रॉकेट घडवले. दिवाळीत बाटलीत उभा करून उडवतात तो बाण याच अर्थाचा वारस आहे. म्हणून बखर वाचताना ‘बाण’ दिसताच डोळ्यांसमोर भाता आणणे चुकीचे ठरते.

धनुष्याच्या शब्दांत घडणीचा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो. कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा द्रव्यांची धनुष्ये सांगितली असून कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनुष् अशी नावे दिली आहेत. प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू अशी सामग्रीही नोंदली आहे. आज कवितेत आपण ही नावे निव्वळ वृत्ताच्या सोयीने अदलाबदल करून वापरतो, हा भाग निराळा. विष्णूच्या ‘शार्ङ्ग’ धनुष्याच्या नावात शृंग, म्हणजे शिंग, सरळ दिसते. बाणाचा पर्याय ‘शर’ हाही मुळात एका बोरूसारख्या गवताचे नाव आहे, तर ‘नाराच’ म्हणजे सबंध लोखंडी बाण.

लाकडाच्या गाभ्याला आतून शिंग आणि बाहेरून स्नायू सरसाने चिकटवून केलेले जोडधनुष्य आखूड असूनही जोरकस असल्यामुळे घोडेस्वाराला सोयीचे पडे. परंतु दमट हवेत सरस सैल होतो, त्यामुळे पावसाळी मुलखात बांबूचे धनुष्य टिकून राहिले आणि शस्त्रागारात वर्षानुवर्षे ठेवता यावीत म्हणून पोलादी धनुष्येही घडवली गेली. ‘कमठा’ हे प्रामुख्याने बांबूचे धनुष्य. संस्कृत ‘कमठ’ शब्दाचा एक अर्थ बांबू असाच आहे, आणि पतंगाची कामठीही याच घरातली दिसते. ‘तिरकमठा’ या जोडशब्दात मात्र फारसी ‘तीर’ देशी कमठ्यावर चढवलेला आहे.

‘कमान’ हा फारसी शब्द धनुष्याचाच. मराठीत तो तीरकमानीपुरता हत्यार राहिला. एरवी दरवाजावरचा वाकलेला भाग, घड्याळातली स्प्रिंग, ताणलेली भुवई यांकडे गेला. या सगळ्यांत वाक किंवा ताण समान आहे, आणि धनुष्याचे कामही त्यावरच चालते.

पुरवणी प्रश्न : ‘शस्त्र’ आणि ‘अस्त्र’ यांत भेद करणे आवश्यक आहे काय?

उत्तर : व्युत्पत्तीने आहे. ‘शस्’ म्हणजे कापणे, ‘अस्’ म्हणजे फेकणे. त्यामुळे तलवार हे शस्त्र आणि बाण हे अस्त्र. ‘क्षेपणास्त्र’ हा शब्द या दृष्टीने नेमका आहे, मात्र त्यात फेकण्याचा अर्थ दोनदा येतो. भाल्याचा निर्णय धरणाऱ्यावर सोपवावा : मुठीत असेपर्यंत शस्त्र, सुटला की अस्त्र.