अनुभव धागा: जगदीश खेबुडकरांची गाणी आणि आपली घरं

'ऐरणीच्या देवा' ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. ते लिहिलं कुणी असं विचारलं, की लताबाईंचं नाव येतं, दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचं येतं. जगदीश खेबुडकरांचं मात्र फार उशिरा. म्हणून हा धागा.

जन्म 10 मे 1932, कोल्हापूर जिल्ह्यातला. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचं घर जळालं. त्या शाळकरी मुलानं लिहिलेली कविता होती 'मानवते, तू विधवा झालीस'. घर जळालेला मुलगा कुणावर तरी दात धरून लिहू शकला असता. त्यानं माणुसकीसाठी शोक केला, हे मला त्यांच्या पुढच्या सगळ्या गाण्यांहून मोठं वाटतं. पुढे ते शिक्षक झाले आणि 1962च्या 'रंगल्या रात्री अशा'पासून चित्रपटांसाठी लिहू लागले. 3 मे 2011 रोजी कोल्हापुरात गेले. तोवर तीनशेहून अधिक चित्रपटांची गाणी लिहून झाली होती.

नुसतं 'हे गाणं आवडतं' असं लिहू नका. ते तुमच्या घरात, तुमच्या कामात कुठं शिरलं ते लिहा.

लोहाराच्या घरातला, आता पुण्यात नोकरी

आमचा भाता गावाच्या वेशीजवळ. वडील सांडशीनं लोखंड धरायचे, आई घण घालायची, भाता आजीच्या हातात. पेरणीच्या तोंडावर नांगराचे फाळ शेवटायला, म्हणजे टोक काढून घ्यायला, रांग लागायची, रात्रीचे अकरा वाजायचे. खंडेनवमीला ऐरण धुऊन हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी टेपवर 'ऐरणीच्या देवा' लागायचंच.

लोकांना ते गोड वाटतं. आमच्या आईला गोड वाटायचं नाही, खरं वाटायचं. त्यातली बाई देवाकडं पैसा मागत नाही. गरिबीचं लेणं लेऊ म्हणते, पण जिणं अब्रूचं असावं म्हणते. घावावर घाव बसणार हे तिनं धरूनच ठेवलंय. सोसायला आणि झुंजायला बळ दे, एवढंच मागणं. 'साधी माणसं' 1965चा. मास्तरकी करणाऱ्या माणसानं आमच्या भट्टीपुढं किती वेळ काढला असेल कुणास ठाऊक, पण त्याला आमच्या आईच्या मनातलं कळलं होतं. आता भाता बंद आहे. ऐरण मी पुण्याला आणली, चौथ्या मजल्यावर. चढवायला चौघं लागले. नवमीला पूजा इथंच होते.

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

दहावीच्या निरोप समारंभात 'आकाशी झेप घे रे पाखरा' ठरलेलं. 'आराम हराम आहे' मधलं, बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. मुली पहिल्या कडव्यालाच रडायला लागतात. मी मात्र वाट बघायची ती 'कष्टाविण फळ ना मिळते' या ओळीची. तुला कळतंय पण वळत नाही, असं त्या पाखराला तोंडावर सांगणारा माणूस वर्गात उभा राहिलेलाच असणार. नुसता कवी असता तर पाखराला उडवून मोकळा झाला असता.

ढोलकीवादक, कोल्हापूर

ऑर्केस्ट्रात वाजवतो. सुलोचनाबाई चव्हाणांचं 'नाव गाव कशाला पुसता' घेतलं नाही तर पब्लिक उठू देत नाही. वसंत पवारांची चाल जबरदस्त आहेच, पण वाजवणाऱ्याला एक गोष्ट हाताला कळते. खेबुडकरांचा शब्द ठेका धरूनच येतो, त्याला ओढून मात्रेत बसवावं लागत नाही. याच गाण्यातलं 'लवंगी मिरची' म्हटलं की थाप कुठं पडायची ते त्या शब्दानंच ठरवलेलं असतं.

'पिंजरा'बद्दल मी तासभर बोलू शकतो. 1972, राम कदमांचं संगीत, सगळी गाणी खेबुडकरांची. तमाशाच्या नादानं मोडून पडणाऱ्या गुरुजींची गोष्ट, आणि गाणी लिहिणारा स्वतः शिक्षक! तरी 'दिसला गं बाई दिसला' मध्ये तमासगिरणीला कुठं खाली पाहायला लावलेलं नाही. ती ठसक्यात उभी आहे. 'कशी नशिबानं थट्टा आज मांडली' आलं की आमच्यातले जुने फडवाले गप्प बसतात. फडावरच्या माणसांना मान देऊन लिहिणारे थोडे, त्यातले हे.

भजनी मंडळातून, सोलापूरकडच्या गावातून

आमच्या वहीत 'देहाची तिजोरी' हे तुकोबांच्या आणि नामदेवांच्या अभंगांच्या मध्ये लिहिलेलं आहे. 'आम्ही जातो अमुच्या गावा' या चित्रपटातलं म्हणून ते काढा, असं एका नव्या मुलानं सुचवलं होतं. आमचे पखवाजवाले आबा म्हणाले, ''देवाला दार उघड म्हणतंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या.'' राहिलं. आता त्याखाली कवीचं नाव लिहायचं ठरलंय, या धाग्यामुळेच.

दुबई

थोडक्यात लिहिते. 'अष्टविनायका तुझा महिमा कसा' ऐकून ऐकून माझ्या मुलांना मोरगावपासून पालीपर्यंत आठही ठिकाणं ओळीनं पाठ झाली, देऊळ एकही न पाहता. गेल्या सुट्टीत पहिल्यांदा यात्रा केली, तर गाडीत पुढचं गाव कोणतं हे तेच सांगत होते.

धागाकर्ता

ढोलकीवाल्या दादांना एक जोड देतो. 1975च्या 'सामना' मध्ये एकीकडे कवी आरती प्रभूंचं 'कुणाच्या खांद्यावर' आहे, दुसरीकडे खेबुडकरांचं 'सख्या रे, घायाळ मी हरिणी'. पहिल्याची वाहवा जाणकार करतात आणि ती योग्यच आहे. पण दुसऱ्याला 'फिल्मी' म्हणून बाजूला सारतात ते मला अजिबात पटत नाही. लताबाईंच्या आवाजातली ती आर्तता आधी कागदावर उतरलेली होती.

मोबाइलवर गाणं लावलं की पुष्कळदा गायकाचंच नाव दिसतं. तेव्हा इथं गाण्याबरोबर गीतकार, संगीतकार आणि चित्रपट जरूर लिहा. 'धुंदी कळ्यांना' वर अजून कुणीच लिहिलेलं नाही. 1970च्या 'धाकटी बहीण' मधलं. त्या काळात लग्न झालेल्या काकू-मावश्यांना विचारा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत इथं उतरवा.