अटल बीमितचा क्लेम अडकलाय, अपील कुठे करायचं? (मदत हवी आहे)

रात्रपाळी (सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी नोकरी गेली, इएसआयच्या (कामगार राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, म्हणजे नोकरी गेल्यावर भत्ता मिळतो त्यात, क्लेम टाकला, तीन महिने होत आले, पैसे नाहीत. पाच हेलपाटे झाले. खिडकीवरचा माणूस म्हणतो सिस्टिममध्ये येत नाही, कंपनीत जा. कंपनीवाले म्हणतात आमचा काय संबंध, इएसआयला जा. वर अपील करायचं असेल तर कुठे करतात, फॉर्म कुठला, किती दिवसात निकाल लागतो? कृपया लवकर सांगा, घरभाडं दोन महिन्यांचं थकलंय.

भाकरतुकडा (रात्री ११:५८)

अरेरे. पीएफ काढला का? सध्याच्या (२०२४) नियमाने एक महिना बेकार राहिलं की ७५ टक्के काढता येतो, दोन महिने झाले की सगळा. भाड्याचा प्रश्न तरी सुटेल.

रात्रपाळी (मंगळवार, ००:०४)

पीएफ काढला आणि संपला पण. क्लेमचं विचारतोय.

आरटीआय_बहाद्दर (००:३१)

सरळ माहिती अधिकार टाका. इएसआयसी केंद्राचं महामंडळ आहे त्यामुळे केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज जातो, फी फक्त १० रुपये, ३० दिवसात उत्तर द्यावंच लागतं. प्रश्न असे विचारा की, माझी फाइल कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर होती, त्या टेबलावर किती दिवस होती. पुढचं उत्तर यायच्या आत काम होतं, स्वानुभव आहे (माझं रेशन कार्डाचं होतं, पण तत्त्व तेच).

हिशोबनीस (सकाळी ८:१५)

मी एका कारखान्यात पगारपत्रकं करतो, इएसआयचं चलन दर महिन्याला माझ्याच हातून जातं. भाऊ, तुम्ही अर्धी गोष्ट सांगितलीत. हे सांगा:

नोकरी कधी गेली, शेवटचा दिवस कुठला? कंपनीच्या रोलवर होतात की कॉन्ट्रॅक्टरच्या? राजीनामा दिलात की काढलं? इएसआय किती वर्षं कापलं जात होतं? आणि क्लेम 'पेंडिंग' दिसतोय की 'रिजेक्ट'? या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेंडिंगवर अपील कशाचं करणार?

अण्णा_सातारकर (सकाळी ९:०२)

नोकरी गेली म्हणजे कशी गेली ते आधी बोला. बत्तीस वर्षं युनियनमध्ये काढली आहेत. वर्षात २४० दिवस भरले असतील तर सध्याच्या (२०२४) औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५-एफ लागतं, एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. तो मिळाला का? नसेल मिळाला तर या अटल-बिटलच्या मागे कशाला लागता, कामगार आयुक्तांकडे चला.

चहाबाज (सकाळी ९:२०)

अण्णा, त्यांनी विचारलंय गाडी पंक्चर आहे, तुम्ही म्हणताय नवीन इंजिन बसवा.

अण्णा_सातारकर (सकाळी ९:४१)

पंक्चर काढणारे आयुष्यभर पंक्चरच काढतात. असो.

रात्रपाळी (दुपारी १:१०)

सॉरी, घाईत लिहिलं. शेवटचा दिवस १६ ऑक्टोबर २०२३. कॉन्ट्रॅक्टरकडे होतो, फिटर, पगार साडेसोळा हजार. लाइन बंद केली, अकरा जणांना बोलावलं आणि कागदावर सही घेतली. त्या कागदात 'स्वखुशीने' असं काहीतरी होतं, वाचायला दिलं नाही, फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) पाहिजे तर सही करा म्हणाले. साडेतीन वर्षं झाली होती कामाला. पहिला क्लेम २० नोव्हेंबरला टाकला, तो रिजेक्ट झाला. मग परत टाकला तो पेंडिंग आहे.

हिशोबनीस (दुपारी १:२२)

आता बोललात! रिजेक्टचं कारण काय लिहिलंय?

रात्रपाळी (दुपारी १:४०)

इंग्रजीत आहे, कॉन्ट्रिब्युटरी कंडिशन नॉट सॅटिस्फाइड. म्हणून तर राग येतोय, दर महिन्याला पाऊण टक्का कापत होते ना पगारातून, मग कंडिशन कसली?

कोल्हापुरी_तिखट (दुपारी २:०५)

एक माणूस आहे माझ्या ओळखीचा, पंधराशे घेतो, २० रुपयाच्या स्टँप पेपरवर ॲफिडेव्हिट करून देतो आणि आतून काम करतो. नंबर हवा असेल तर मेसेज करा.

हिशोबनीस (दुपारी २:२६)

कृपा करून असलं काही करू नका. ॲफिडेव्हिटची अट २०२० सालीच गेली. आता पोर्टलवर क्लेम, सोबत आधार आणि बँकेचा कागद स्कॅन करून. स्कॅन चढवला नसेल तर क्लेमची प्रिंट सही करून शाखेत द्यायची. दलालाला पंधराशे देऊन जे घ्यायचं ते फुकट मिळतं.

आता कंडिशन. दोन अटी एकत्र आहेत. एक, नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विम्याखाली नोकरी पाहिजे. दोन, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान काळात निदान ७८ दिवस भरलेले पाहिजेत, आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात तरी ७८. काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिने. तुमचे एप्रिल-सप्टेंबर २०२३ पूर्ण भरलेत, म्हणजे ७८ ची अडचण नसावी. मग दोन वर्षांतच घोळ आहे. पोर्टलवर तुमच्या नावावर किती महिने दिसतात?

रात्रपाळी (दुपारी ३:०३)

खिडकीवाला म्हणाला तेरा-चौदा महिने दिसतायत. मला वाटलं जुनं कॉम्प्युटरमधून उडालं असेल.

हिशोबनीस (दुपारी ३:०९)

मधे कॉन्ट्रॅक्टर बदलला होता का?

रात्रपाळी (दुपारी ३:३०)

हो पण काम तेच, मशीन तेच, सुपरवायझर पण तोच. जून २०२० पासून एक होता, सप्टेंबर २०२२ ला दुसरा आला. युनिफॉर्मवरचं नाव बदललं फक्त.

हिशोबनीस (दुपारी ३:३४)

आयपी नंबर (इएसआयचा विमा क्रमांक) बदलला का? ई-पेहचान कार्ड काढा बघू.

रात्रपाळी (रात्री ९:१२)

बायकोने कपाट पालथं घातलं. दोन कार्डं आहेत! जुन्यावर आई-बाबांची नावं आहेत आणि नव्यावर बायको-मुलगी. दहा आकडी नंबर दोन्हीवर वेगळे. मी नव्या कॉन्ट्रॅक्टरला जुनं कार्ड दाखवलं होतं हो, ती पोरगी म्हणाली आमच्याकडे सगळ्यांचं नवीनच काढतात. मला वाटलं फोटो बदलायचा असेल.

हिशोबनीस (रात्री ९:४०)

सापडला चोर. आयपी नंबर माणसाला आयुष्यात एकच, नोकरी कितीही बदलो. नवीन कंपनीने जुनाच नंबर आपल्या कोडखाली ओढायचा असतो, त्याला दोन मिनिटं लागतात, पण ज्यांना ती दोन मिनिटं जड जातात ते नवीन माणूस म्हणून रजिस्टर करतात. तुमची सव्वादोन वर्षं जुन्या नंबरवर बसलीत आणि तेरा-चौदा महिने नव्यावर. सिस्टिमला तुम्ही दोन वेगळे फिटर आहात.

दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स, आधार, दोन्हीकडच्या पगाराच्या स्लिपा घेऊन शाखेत दोन्ही नंबर एकत्र करण्याचा लेखी अर्ज द्या. यात रकमेचा पण फरक पडतो. हिशोब असा की आधीच्या चार अंशदान काळांतली एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. साडेसोळाने २४ महिने म्हणजे ३ लाख ९६ हजार, दिवसाला ५४२ च्या आसपास, निम्मे २७१, नव्वद दिवसांचे २४ हजार ४०० होतात. नुसता नवा नंबर धरला तर भागाकार ७३० नेच होणार आणि कमाई तेरा महिन्यांची.

भाकरतुकडा (रात्री १०:०१)

फक्त ९० दिवस? आणि दरवर्षी मिळतं का?

हिशोबनीस (रात्री १०:०६)

आयुष्यात एकदा.

मिसिसॉगाकर (रात्री १०:५५)

कॅनडातून लिहितोय. इथे एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स पगाराच्या ५५ टक्के असतो (वर मर्यादा आहे). कंपनी रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट भरते, त्यात कारणाचा कोड असतो, ए म्हणजे काम कमी झालं, ई म्हणजे स्वतः सोडली. माझ्या बायकोच्या कागदावर ए ऐवजी ई टाकलं आणि क्लेम धाडकन नाकारला. ३० दिवसांत फेरविचाराचा अर्ज, तिथेही नाही झालं तर सोशल सिक्युरिटी ट्रिब्युनल. आपल्याकडे असं व्यवस्थित काहीतरी का नाही करत?

तिरसिंगराव (रात्री ११:१८)

घ्या, आले. बर्फ किती पडलाय तेही सांगा.

मिसिसॉगाकर (रात्री ११:२५)

चार फूट. पण मुद्दा कोडचा आहे राव.

हिशोबनीस (बुधवार, सकाळी ७:५०)

हसू नका, त्यांचा मुद्दा बरोबर आहे, मीच विसरलो होतो. आपल्याकडे पण कोड आहेत. महिन्याचं चलन भरताना ज्याचे दिवस शून्य त्याच्यापुढे कारणाचा आकडा टाकावा लागतो. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कामगार कपात, ११ म्हणजे काम नाही. २ किंवा १० टाकलं की शेवटच्या दिवसाची तारीख मागतं. ती शोधायचा कंटाळा आला की काही बहाद्दर १ टाकून मोकळे होतात. रात्रपाळी, खिडकीवाल्याला विचारा ऑक्टोबरनंतर तुमच्यापुढे काय दिसतंय.

रात्रपाळी (बुधवार, दुपारी १२:४७)

रांगेत उभा राहूनच टाइप करतोय. तो म्हणाला, तुम्ही तर नोव्हेंबरपासून रजेवर आहात. मोठ्याने म्हणाला, मागचे सगळे हसले.

चहाबाज (दुपारी १२:५०)

तीन महिने रजा, तीही बिनपगारी. नशीबवान.

हिशोबनीस (दुपारी १:१५)

आज ७ तारीख. जानेवारीचं चलन १५ फेब्रुवारीच्या आत भरायचं असतं, म्हणजे त्यांनी अजून भरलं नसेल तर हीच संधी. आज कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात जा, चहा घ्या पण उठू नका. कोड बदलायचा आणि तारीख १६ ऑक्टोबर. सिस्टिमने मागची तारीख घेतली नाही तर लेटरहेडवर शाखेच्या नावे पत्र घ्या, सही-शिक्क्यासह.

अण्णा_सातारकर (दुपारी २:३०)

आणि कोड १० च टाकायला लावा! २ टाकला म्हणजे पोराने स्वतः सोडली असं होतं, आणि तो 'स्वखुशी'चा कागद जोडला की झालं.

हिशोबनीस (दुपारी २:४४)

अण्णा, योजनेच्या अटीत नाकारायची कारणं दिलीत ती गैरवर्तनाची शिक्षा, वयोमानाने निवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती. राजीनामा शब्द नाही. आमच्याकडच्या दोघांचे २ कोडवर पास झालेत.

अण्णा_सातारकर (दुपारी ३:१०)

दोघांचे झाले म्हणून तिसऱ्याचा होईल? 'स्वखुशी'ला स्वेच्छानिवृत्ती म्हणायला साहेबाला किती वेळ लागतो? लाइन बंद केली, अकरा जणांना एका दिवशी घालवलं, याला कपात नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

हिशोबनीस (दुपारी ३:१६)

खरं कारण १० च आहे, ते मान्य. पण कॉन्ट्रॅक्टर १० टाकणार नाही, कारण मग तुमचं ते २५-एफ त्याच्या गळ्यात येतं. माणसाला भाडं भरायचंय अण्णा.

अण्णा_सातारकर (दुपारी ३:४०)

म्हणूनच म्हणतोय की अकरा जण एकत्र जा. एकटा गेला की चहा मिळतो, अकरा गेले की कागद मिळतो. आणि २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहेच की, कारखाना बंद किंवा कपात झाली तर पहिलं वर्ष ५० टक्के आणि दुसरं २५, दोन वर्षांपर्यंत. ती कुणी सांगत नाही कारण तिला कपात सिद्ध करावी लागते.

आरटीआय_बहाद्दर (दुपारी ४:००)

तरी मी म्हणतो एक आरटीआय टाकून ठेवायला काय जातंय, दहा रुपये.

कलमबहाद्दर (संध्याकाळी ६:२२)

मूळ प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही. अपील: आधी दुरुस्ती करून नवीन क्लेम, तो नाकारला तर कारण लेखी घ्या, मग शाखा व्यवस्थापक, मग प्रादेशिक कार्यालय, बरोबरीने केंद्राच्या तक्रार पोर्टलवर तक्रार. सध्याच्या (२०२४) इएसआय कायद्याच्या कलम ७५ खाली एम्प्लॉइज इन्शुरन्स कोर्ट आहे, ३ वर्षांची मुदत, पण ही योजना असल्याने हक्क म्हणून मागता येतं का यावर वकिलांत वाद होईल. क्लेम मात्र नोकरी गेल्यापासून एक वर्षाच्या आत पाहिजे, तुमचं ऑक्टोबरपर्यंत आहे. योजनेची मुदत आज (फेब्रुवारी २०२४) ३० जून २०२४ पर्यंत आहे, तेव्हा बसून राहू नका.

रात्रपाळी (शुक्रवार, ९ फेब्रुवारी, रात्री १०:३३)

अपडेट. सात जण गेलो, चौघांना नवीन काम लागलंय, ते आले नाहीत. आधी साहेब जागेवर नाहीत सांगितलं, साहेब आतच होते, त्यांचा फोन वाजला तेव्हा कळलं. १० टाकायला नाहीच म्हणाले. २ टाकतो म्हणाले आणि पत्रात 'लाइन बंद झाल्याने सेवा समाप्त' असं लिहून दिलं, हे अण्णांच्यामुळे, मी नुसतं 'नोकरी सोडली' घेऊन आलो असतो. सातपैकी पाच जणांकडे दोन-दोन कार्डं निघाली.

शाखेत नंबर एकत्र करायचा अर्ज दिला. पोच द्यायला नको म्हणत होता, मी दुसऱ्या झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला. पैसे आले की इथे लिहितो. हिशोबनीस दादा, चार फुटवाले दादा, अण्णा, सगळ्यांचे आभार.

अण्णा_सातारकर (रात्री १०:५१)

त्या पत्राचे दोन फोटो काढून बायकोच्या मोबाइलवर पण टाक. २५-एफचं नंतर बोलू.

कोल्हापुरी_तिखट (रात्री ११:०५)

माझ्या मेव्हण्याचं पण असंच झालंय, त्याला मिळेल का? त्याचं इएसआय नाहीये, पगार अठ्ठावीस होता. आणि नोकरी त्याने स्वतःच सोडली.