क्लाउडचा प्राइसिंग कॅल्क्युलेटर: त्याचा आकडा बजेटला लावावा का?

खर्चवही

एडब्ल्यूएस (अॅमेझॉन), अझुर (मायक्रोसॉफ्ट), गुगल क्लाउड, भाड्याने सर्व्हर देणाऱ्या कोणाचाही खर्चाचा अंदाज काढणारा कॅल्क्युलेटर घ्या. त्यातून निघालेला आकडा जसाच्या तसा बजेटच्या मंजुरीला पाठवू नये, असं माझं मत आहे. दर बरोबर असतात, गुणाकारही चुकत नाही. पण कॅल्क्युलेटर आपण भरलं तेवढंच मोजतो, आणि भरायच्या राहतात त्या नेमक्या महागड्या ओळी.

साधं वेब अ‍ॅप घ्या. एडब्ल्यूएस, नॉर्थ व्हर्जिनिया रीजन. बहुतेक जण एवढं भरतात: दोन एम५.लार्ज मशीन, ताशी ०.०९६ डॉलर, महिन्याचे ७३० तास, म्हणजे १४०.१६. प्रत्येकी १०० जीबीची जीपी३ डिस्क, मिळून १६. लोड बॅलन्सरचं (येणारं ट्रॅफिक मशीनांत वाटणारा) ताशी भाडं, महिन्याचं १६.४३. बेरीज १७३ डॉलरच्या आत.

आता राहिलेलं बघा. दोन झोनमध्ये (एकाच रीजनमधली वेगवेगळी डेटा सेंटर) दोन नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटवर जायची वाट): ६५.७०. त्यांतून जाणारा ५०० जीबी डेटा: २२.५०. लोड बॅलन्सरचे दोन आणि नॅटचे दोन असे चार पब्लिक आयपीव्ही४ पत्ते: १४.६० (फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पत्त्याला ताशी अर्धा सेंट लागतो). इंटरनेटवर जाणारा १ टीबी: पहिले १०० जीबी फुकट, उरलेल्याचे ८१. झोन-झोनमधला १ टीबी, दोन्ही बाजूंनी एकेक सेंट: २०. रोजचे २ जीबी लॉग (चालू कामाच्या नोंदी): जवळपास ३०. ही बेरीज २३० च्या वर जाते, म्हणजे भरलेल्यापेक्षा राहिलेलंच जास्त.

त्यापेक्षा दोन आठवडे छोटा पायलट (चाचणीपुरती आवृत्ती) चालवा, खरं बिल बघा आणि त्यावरून अंदाज बांधा.

लोडबॅलन्सर

साफ असहमत. वर दिलेली प्रत्येक ओळ तुम्ही दरपत्रकावरूनच काढलीत ना? मग त्या सगळ्या कॅल्क्युलेटरमध्येही भरता येतात. भरणाऱ्याने आळस केला, यात कॅल्क्युलेटरचा काय दोष?

आणि पायलटचं बिल जास्त फसवं असतं. तीन कारणं सांगतो.

इंटरनेटवर जाणारा पहिला १०० जीबी फुकट असल्यामुळे छोट्या पायलटच्या बिलात ती ओळ शून्य दिसते. शून्याला कितीनेही गुणा.

दुसरं, स्नॅपशॉट (डिस्कच्या बॅकअप प्रती) साचत जातात. ५०० जीबीची भरलेली डिस्क, रोज १० जीबी बदल, ३० दिवस ठेवायचे, तर महिनाअखेरीस साधारण ८०० जीबी होतात, म्हणजे महिन्याला ४० डॉलर. दोन आठवड्यांच्या बिलात यातलं निम्मंही दिसणार नाही.

तिसरं कारण सगळ्यात घातक: टी३ मशीन. टी३.मीडियमला दोन व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), प्रत्येकी बेसलाइन, म्हणजे भाड्यात धरलेला सरासरी वापर, २० टक्के. पायलटमध्ये सीपीयू १० टक्क्यांवर असतो, ताशी ०.०४१६ डॉलर पडतात, सगळे खूश. खऱ्या लोडवर तोच सरासरी ५० टक्क्यांवर गेला की वरच्या ३० टक्क्यांचे, दोन व्हीसीपीयू मिळून, ताशी ०.०३ डॉलर वेगळे लागतात, कारण टी३ मुळातच अनलिमिटेड मोडमध्ये (बेसलाइनच्या वर जाऊ द्यायचं, पण पैसे लावायचे) सुरू होतं. महिन्याचे ३० चे ५२ होतात. मशीन कुठेही अडखळत नाही, त्यामुळे बिल येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

खर्चवही

टी३ चा मुद्दा मान्य. पण मूळ प्रश्न तसाच आहे. नॅटमधून ५०० जीबी जाणार की ५ टीबी, हे अ‍ॅप लिहून होण्याआधी कुठून आणायचं? रिकाम्या खान्यात मनाचा आकडा टाकला की कॅल्क्युलेटर त्याला दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो, आणि वरिष्ठांना ते पैशापर्यंत अचूक वाटतं.

लोडबॅलन्सर

मनाचा का टाकायचा? पान सरासरी २ एमबी, महिन्याला ५ लाख पानं, झाला १ टीबी. लॉगची एक ओळ किती बाइटची, एका रिक्वेस्टला किती ओळी, गुणा. हे सगळं डिझाइनच्या वेळीच कळतं.

आकडा खान्यात बसला की डिझाइनही बदलतं, खरा फायदा तोच. तुमचंच उदाहरण घेऊ. इंटरनेटवर जाणाऱ्या १ टीबीचे ८१ डॉलर समोर दिसले की माणूस क्लाउडफ्रंट (जागोजागी प्रती ठेवून पानं पोचवणारी एडब्ल्यूएसची सेवा) पुढे ठेवायचा विचार करतो. तिथे महिन्याला १ टीबी आणि १ कोटी रिक्वेस्ट फुकट, आणि एडब्ल्यूएसमधल्या ओरिजिनपासून (मूळ सर्व्हरपासून) क्लाउडफ्रंटपर्यंतच्या डेटाला पैसे नाहीत. पानाला ४० रिक्वेस्ट धरल्या तर २ कोटी होतात. वरच्या १ कोटीचे साधारण १० डॉलर. नॅटमधला डेटा एस३ कडे (एडब्ल्यूएसची फाइल साठवण) जात असेल तर गेटवे एंडपॉइंट (नॅटला वळसा घालणारी थेट वाट) लावा, तो फुकट आहे. पायलट चालवून हे कळतं, पण तोवर बांधकाम झालेलं असतं.

अर्धा_जीबी

दोघंही जीबी मोजताय. रिक्वेस्टवर कोण बोलणार? एस३ मध्ये २० केबीच्या १ कोटी फाइल. साठवणुकीचे महिन्याला साडेचार डॉलरच्या आसपास, पण त्या चढवायचे ५० डॉलर, कारण दर हजार पुटला (फाइल चढवायच्या रिक्वेस्टला) अर्धा सेंट. कोणी ‘स्वस्त’ म्हणून थेट स्टँडर्ड-आयए मध्ये (क्वचित लागणाऱ्या फाइलींचा वर्ग) टाकल्या तर प्रत्येक फाइल किमान १२८ केबी धरली जाते. साठवणूक १५-१६ डॉलर, चढवणं १००. कॅल्क्युलेटरमध्ये पुटचा खाना असतो. लोक तो रिकामा ठेवतात आणि एकूण जीबीचा आकडा टाकून मोकळे होतात.

तीन_वर्षांचा_करार

कोणाचाही अंदाज तपासताना मी आधी पेमेंटचा पर्याय बघतो. तीन वर्षांच्या सेव्हिंग्ज प्लॅनवर (ठरावीक वापराच्या हमीवर सूट) खूण असेल आणि प्रत्यक्षात करार कोणी करणारच नसेल, तर पुढच्या साऱ्या ओळी व्यर्थ. दोन कंपन्यांची तुलना करतानाही तेच. गुगलच्या एन१ मशीनला महिनाभर चालवल्यावर आपोआप ३० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, ई२ ला मिळत नाही. एकीकडे सूट धरलेली आणि दुसरीकडे नाही, असे तक्ते सर्रास फिरतात.

तरीही मी कॅल्क्युलेटरच्या बाजूने. फक्त एक आकडा देऊ नका. तीच यादी कमी, अपेक्षित आणि तिप्पट ट्रॅफिकवर तीनदा काढा आणि कोणती ओळ वाढली ते दाखवा.

खर्चवही

तीन आकडे दिले की मंजुरीत मधला उचलतात, पण ते असो. तासांचं काय? डेव्हलपमेंटच्या मशीनला ७३० ऐवजी २२० तास टाकून एम५.लार्ज ७० वरून २१ डॉलरवर आणलेलं सगळ्यांनी पाहिलं असेल. पण मशीन बंद असतानाही डिस्क आणि नॅट पूर्ण ७३० तास चालूच. शिवाय रोज संध्याकाळी मशीन बंद करणारं शेड्यूल कोण लिहिणार, हे त्या अंदाजात नसतं. अझुरवर तर विंडोजच्या आतून शटडाउन केलेलं मशीन ‘स्टॉप्ड’ दिसतं, पण ‘डीअ‍ॅलोकेटेड’ (म्हणजे परत सोडून दिलेलं) झालेलं नसतं, आणि मीटर चालूच राहतं. हे कॅल्क्युलेटरच्या कुठल्या खान्यात भरायचं, सांगा.