पावसाळ्यात घाट उतरायला डिस्क ब्रेक की रिम ब्रेक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात राहतो. रोज कामावर जायला सायकल आणि सुट्टीच्या दिवशी यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला, असा नेम आहे. सायकल हायब्रिड आहे, व्ही-ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेवर (रिमवर) रबर दाबणाऱ्या रिम ब्रेकची. कोरड्या रस्त्यावर तिच्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न पावसाळ्याचा आहे, आणि आमच्याकडे सायकल चालवायची खरी मजा त्याच महिन्यांत असते.

रिम भिजली की ब्रेक दाबल्यावर आधी रबर नुसतं पाणी पुसत राहतं, चाक एक-दोनदा फिरल्यावर मग पकड येते. सपाटीवर ते चालून जातं, पण उतारावर वळणाआडून एखादी जीप आली तर तेवढा वेळ नसतो. त्यात तांबडी माती रिमवर चढते, रबरात रुतते आणि ब्रेक दाबताना रिम खरवडते. पुढच्या रिमवरची झिजेची खाच जवळजवळ पुसली गेली आहे, म्हणजे चाक बदलायचंच आहे. तेव्हाच वाटलं, पैसे घालायचेच तर चाकाच्या मधोमध बसवलेली चकती पकडणाऱ्या डिस्क ब्रेककडे का वळू नये?

याच सायकलला डिस्क बसेल का? नवीन घेतली तर वायरवाले डिस्क घ्यावेत की तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक? जवळच्या दुकानात चाकाचा आउट (डगमग) काढून मिळतो, वायर बदलून मिळते, पण ब्रेकमधलं तेल बदलणं ते करत नाहीत. आणि अधूनमधून सायकल रेल्वेने न्यावी लागते, त्यात डिस्क वाकते का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

आधी फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बघा. मागच्या चाकाजवळ डावीकडे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बसवायला बोल्टची जागा नसेल तर मागे डिस्कचा नाद सोडा. पुढे मात्र मार्ग आहे. डिस्कची जागा असलेला चिमटा आणि डिस्क बसेल अशा हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) चाक घेतलं की फक्त पुढे डिस्क बसते. उतारावर थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो, म्हणून हा उपाय अर्धवट समजू नका. एक काळजी घ्या : व्ही-ब्रेकची लिव्हर वायर जास्त ओढते, रोड सायकलची कमी. वायरवाला कॅलिपर तुमच्या लिव्हरशी जुळणाराच मागा, नाहीतर ब्रेक नीट लागणार नाही.

नवीन घेणार असाल तर तुमच्या पावसात डिस्कच. ती जमिनीपासून वर असते, चिखल कमी पोचतो आणि भिजली तरी पकड लवकर येते. १६० मिमीची डिस्क पुरेल, वजन जास्त असेल तर पुढे १८० घ्या, फक्त चिमट्याला तेवढी चालते का ते विचारून. हायड्रॉलिकला दोन बोटं पुरतात आणि पॅड झिजतील तसे ते आपोआप पुढे सरकतात. वायरवाल्यात ते हाताने जुळवावं लागतं, पण एक ॲलन की आली की घरी होतं. तुमच्या गावची सोय पाहता मी वायरवालेच सांगेन.

प्रतिसाद

मी लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या सायकलफेऱ्या) रिम ब्रेकवरच करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. कोकणात कुठल्याही बाजारपेठेत ब्रेकचे रबर आणि वायर मिळते. तुमच्या डिस्कला लागणारे नेमके पॅड तिथे मिळतीलच असं नाही, कारण दर कंपनीचा आकार वेगळा. पावसासाठी कूल-स्टॉप कंपनीचे सॅमन (फिकट नारिंगी-गुलाबी) रंगाचे रबर लावून बघा, फरक लगेच कळेल. घाटमाथ्यावर थांबून रबरातले खडे टोकदार खिळ्याने काढा, रिम पुसा आणि उतरताना वळणाच्या बऱ्याच आधी हलका ब्रेक लावून पाणी निपटून घ्या.

तरी नवीन सायकल घेताना डिस्क टाळा असं मी म्हणणार नाही. रोड शर्यतींत यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने जुलै २०१८पासून डिस्कला कायमची परवानगी दिली आणि आता चांगल्या रोड सायकली बहुतेक डिस्कच्याच येतात. शिवाय डिस्कवाल्या फ्रेममध्ये रुंद टायर मावतात. ओल्या रस्त्यावर शेवटी पकड टायरचीच, ब्रेक कितीही जोरकस असला तरी.

रेल्वेचं म्हणाल तर चाक काढून डिस्क आतल्या बाजूला ठेवा, मध्ये पुठ्ठा घाला. हायड्रॉलिक असेल तर चाक काढल्यावर लिव्हर अजिबात दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. साखळीला तेल स्प्रेने मारू नका. डिस्कवर थेंब उडाला तरी ब्रेक किंचाळतो आणि पॅड बाद होऊ शकतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. फ्रेम पाहिली, मागे बोल्टची जागा नाही. चिमटा आणि पुढचं चाक बदलून वायरवाला डिस्क लावतो, मागे व्ही-ब्रेकला सॅमन रबर. आता एकच विचारायचं : नवीन डिस्क आणि पॅड जमण्यासाठी सुरुवातीला काय करावं?

प्रतिसाद

मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, एकसारखा दाब देऊन चालण्याच्या वेगापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका. असं वीसेक वेळा करा. पकड वाढत गेलेली हाताला कळेल. त्याआधी यवतेश्वर उतरू नका.