मदत हवी आहे: प्रीमियर पद्मिनी गरम झाल्यावर सुरू होत नाही

नमस्कार मंडळी. गाडी १०८९ सीसी पेट्रोल, इंजिन घरीच बांधलंय. थंड असताना अर्ध्या सेल्फला सुरू होते. गोव्याकडून चोर्ल्याचा घाट चढून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली, की सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही.

त्या वेळी स्पार्क निळा आणि जोरदार असतो. कॉइल बदलून फरक नाही, पॉइंट गॅप ०.४५ मिमी. प्लग कोरडे, म्हणजे ओव्हरफ्लो नाही. कार्ब्युरेटरकडची नळी काढून सेल्फ मारला तर नुसते बुडबुडे. इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं की थोड्या वेळात सुरू. वेपर लॉकच आहे, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो.

पंपाखालचा बेकलाइट स्पेसर (इंजिनाची उष्णता पंपाकडे जाऊ न देणारा तुकडा) जाड करा असं बरेच जण सांगतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तो करूनही मिळेल, पण मला पटत नाही: पंप हलवणारा पुशरॉड कमी बाहेर येतो, पेट्रोल ओढणाऱ्या डायफ्रामचा (पडद्याचा) स्ट्रोक घटतो, आणि ऐन चढावर पेट्रोल कमी पडतं.

म्हणून टाकीजवळ २ ते ३ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप बसवायचा आहे. दाब जास्त झाला तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल रेटली जाऊन पेट्रोल ओसंडेल, आगीचा धोका. पंपाचा रिले (विजेचा स्विच) ऑइल प्रेशर स्विचमधून घेणार, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. सेल्फ मारताना पुरवठा स्टार्टरच्या वायरवरून.

बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात कमी दाबाचा खात्रीचा पंप कुठे मिळेल? जुना पंप काढून त्या जागी ब्लँकिंग प्लेट (भोक बंद करणारी पट्टी) लावलेल्यांनी पुशरॉडचं काय केलं? आणि २० टक्के इथेनॉलला टिकणारी रबरी नळी इकडे कुणी वापरली आहे का?