मिलिटरी जॅकेट: आपल्या रानात कामाचं की नुसतं ओझं?

रानवाट (कन्नड)
परवा पहाटे साडेपाचला नागापूरकडून अंतूर किल्ला चढलो. अंगात जुन्या बाजारातलं हिरवं एम-६५, म्हणजे अमेरिकी फौजेचं जॅकेट, आत लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर. सोबतच्या तिघांकडे नवी फुगीर जॅकेटं. घाणेरी-बोराटीच्या जाळीतून निघेस्तोवर एकाची बाही फाटली, दुसऱ्याच्या जॅकेटातलं भरण बाहेर आलं. माझ्यावर ओरखडा नाही. म्हणून सांगतो, गौताळ्याच्या जंगलात नाहीतर बालाघाटाच्या डोंगरात हिंडणाऱ्यानं पैसे मिलिटरी सरप्लसवरच, म्हणजे फौजेतून बाजारात आलेल्या मालावरच घालावेत.

सगळी करामत कापडाची आहे. निम्मा कापूस, निम्मं नायलॉन, वीण घट्ट. वारा अडतो, काटा घसरतो. अमेरिकी सैन्यात हे १९६५ साली आलं, पण त्यामागचा विचार १९४३ च्या जॅकेटापासूनचा: बाहेरच्या कापडानं वारा अडवायचा, ऊब आतल्या थरांनी द्यायची. अस्तर बटणांनी सुटं होतं, मी ते घरीच ठेवतो. पहाटे दात वाजतात आणि दुपारी अंग भाजतं अशा मुलखात याहून सोयीचं काय असणार? फक्त साइज एक नंबर मोठी घ्या, आत थर बसले पाहिजेत.

गोदाकाठ (पैठण)
दादा, काट्यांचं पटलं. पण पहाटेचे तीन तास सांगितले, पुढचे सहा तास कुठं गेले? नऊ वाजता ऊन लागतं, मग दीड किलोच्या आसपासचं धूड कमरेला बांधून किल्ला फिरायचा. त्यापेक्षा पातळ फ्लीस आणि वर विंडचीटर, दोन्ही मिळून सॅकच्या कोपऱ्यात मावतात.

आणि भिजलं तर? जायकवाडीच्या काठावर रोहित पक्षी बघायला गेलो होतो, अंगात असलंच जॅकेट. गवतावरच्या दवानं बाह्या आणि खालचा घेर चिंब झाला. पाण्यावरून येणारा वारा त्या ओल्या कापडाला लागत होता, दुर्बीण धरवेना. निम्मं नायलॉन असलं तरी उरलेला निम्मा कापूसच, पाणी पितो आणि लवकर सोडत नाही. थंडीत अवकाळी आला तर काय कराल?

पाणीपाळी (परभणी)
तुम्ही दोघं सुट्टीच्या दिवसाचं बोलायलात. आमच्याकडं रात्री लाईट आली की गव्हात दारं धरायला जावं लागतं. खाली पाय पाण्यात, वर उघडं रान. तिथं तुमचा विंडचीटर आठ दिवसांत बाभळीला लटकतो. मी चार वर्षं एकच मिलिटरी जॅकेट वापरायलोय. वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही, कमरेची दोरी आवळली की खालून वारा शिरत नाही. बॅटरी, मोबाइल, पान्हा, सगळं खिशात.

दवाचं म्हणणं मात्र खरंय. म्हणून आत सुती काही घालत नाही. आज्याकडं घोंगडी होती, ओली झाली तरी ऊब धरायची, पण ती पांघरून खोरं चालवता येत नाही. लोकर आत, हे कापड वर, असं मी जमवलं.

माजी सैनिक (उदगीर)
थरांबद्दल तुम्ही तिघंही एक गोष्ट विसरलात: घाम. थंडीत माणूस बाहेरच्या पाण्यापेक्षा स्वतःच्या घामानं जास्त गारठतो. चढ सुरू व्हायच्या आधी स्वेटर काढा, चेन अर्धी उघडा, थोडं कुडकुडतच निघा. माथ्यावर पोचलात की बनियन बदला आणि मगच स्वेटर चढवा. कोरडं बनियन सॅकमध्ये नसेल तर जॅकेट कोणतंही असो, उपयोग नाही.

साइजचं रानवाट यांनी चुकीचं सांगितलं. अस्सल एम-६५ आतले थर धरूनच कापलेलं असतं. लेबलवरचं मिडियम ३७ ते ४१ इंच छातीसाठी आहे. एक नंबर मोठं घेतलं तर खांदे उतरतात आणि गळ्यातून वारा शिरतो. नकलेला मात्र हे माप लागू नाही, ती घालूनच बघावी.

आता मनातलं. साधा हिरवा रंग खुशाल वापरा. पण १५ जानेवारी २०२२ ला सेनादिनी आपल्या फौजेनं नव्या छापाचा गणवेश आणला, तसल्या कापडाची जॅकेटं घेऊ नका. फीत, बिल्ला, हुद्द्याची खूण असेल तर उसवून टाका. सैनिक आहे असं भासवायला गणवेश घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसेलही, पण ते कापड अंगावर चढावं म्हणून पोरं पहाटे चारला उठून पळतात. रस्त्यावर ते कुणाच्याही अंगात दिसलं की मला वाईट वाटतं.

रानवाट (कन्नड)
साहेब, साइजची चूक कबूल. माझंच एक नंबर मोठं आहे, गळ्यात मफलर कोंबावा लागतो तो त्यामुळंच. दंडावरची फीत आज रात्री उसवतो.

गोदाकाठ, पाणथळीवर तुमचं खरं, तिथं मी हे नेणार नाही. पण जाळीच्या वाटेवर दीड किलो मला जड नाही.

गोदाकाठ (पैठण)
मला आहे. माझी गुडघेदुखी जुनी आहे, उतरताना अर्धा किलोसुद्धा कळतो. मी फ्लीसच नेणार, आणि जाळीत तुमच्या मागून चालणार.

पाणीपाळी (परभणी)
साहेब, माझ्या जॅकेटाची चेन गेलीय, नुसत्या बटणांवर चालायलंय. पितळी चेन बसवून मिळते का उदगीरला?