खाण्याच्या गाड्या रात्री दहाला बंद: सरसकट की माणूस पाहून?

लेआउटवाला

मंडळी, विषय आमच्या गावचा आहे, पण आज ना उद्या तुमच्याही तालुक्यात येणार, म्हणून मांडतो. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, वर्धा नदीच्या अलीकडचं. बसस्टँडपासून कापसाच्या जिनिंगपर्यंतचा रस्ता सिमेंटचा झाला, रुंद झाला, आणि त्या रुंदीचा उपयोग वाहनांच्या आधी टेबल-खुर्च्यांनी करून घेतला. आलूबोंड्याची गाडी पहिल्यापासून होतीच. आता अंडाभुर्जी आहे, चायनीज आहे, सावजीचे ठेले आहेत. बायपासला लॉन लावून, झाडांना लाइटच्या माळा गुंडाळून दोन ‘गार्डन’ उघडलेत. नगरपंचायतीपुढे आता प्रस्ताव आहे: उघड्यावर बसवून खाऊ घालणाऱ्या सगळ्यांनी रात्री दहाला बंद करायचं. हरकती लेखी मागवल्या आहेत.

मी त्याच रस्त्यामागच्या लेआउटमध्ये राहतो. त्रास मला होतो, त्यामुळे वेळ ठरवायला माझा विरोध नाही. सरसकट दहाला आहे. रात्री अकराला झोप मोडते ती तव्यावर कालथा वाजतो म्हणून नाही. खुर्च्या रस्त्यावर असतात, त्यांच्यावर पोट्टे तासन्‌तास बसतात, कोणाच्या तरी गाडीचा सायलेन्सर काढलेला असतो, आणि गार्डनवाल्याचा स्पीकर. जेवून उठून जाणाऱ्याचा त्रास नसतो, बसून राहणाऱ्याचा असतो. म्हणून माझं म्हणणं: रस्त्यावरच्या खुर्च्या दहाला उचला, स्पीकर दहाला बंद करा, पण तवा आणि पार्सल बारापर्यंत चालू द्या. बायपासच्या गार्डनला वेगळी वेळ ठेवा, तिकडे आजूबाजूला वावरंच आहेत.

दुसरं म्हणजे ऋतू. मे महिन्यात आपल्याकडे 44-45 अंश असतं. सिमेंटचा रस्ता रात्री नऊपर्यंत आग ओकतो. माणूस घराबाहेर पडतो तोच नऊनंतर. डिसेंबरात साडेआठला सामसूम होते. एकच घड्याळ बारा महिने लावणाऱ्यानं इथला उन्हाळा काढला नसावा.

खाकीतून_निवृत्त

लेआउटवाले भाऊ, तुमचं लिहिणं चांगलं, पण ते अमलात कोण आणणार? तालुक्याच्या ठाण्यात रात्री गस्तीला किती माणसं असतात ते मी नोकरीभर पाहिलं आहे. एक गाडी, दोन शिपाई, आणि हद्दीत पन्नास-साठ गावं. त्यात तुम्ही म्हणता, याची खुर्ची मोजा, त्याचं पार्सल तपासा, हा रस्त्यावर, तो बायपासला, याला उन्हाळ्यात सूट, त्याला कापसात सूट. ठाणेदार हातात तक्ता घेऊन फिरणार का?

आणि खरं सांगू? जितके अपवाद, तितके हप्त्याचे दरवाजे. ‘साहेब, हे पार्सलचंच गिऱ्हाईक आहे’ असं म्हणत खिशात हात जातो. दहा म्हणजे दहा. दहा वाजून पाच मिनिटांनी विस्तव दिसला की दंड. सोपा नियमच टिकतो.

भुर्जीवाली_ताई

काका, तुमचा सोपा नियम माह्या घरी कसा उतरते ते सांगते. मी गाडी लावतो सात वाजता. आठपर्यंत कोणी येत नाही. उन्हाळ्यात तर नऊ. खरा धंदा नऊ ते साडेअकरा. तुमच्या दहानं मले एक तास उरते. त्या तासात गॅस, अंडे, पाव, भेद्रं (टमाटे), सांबार (कोथिंबीर), पोराची फी, सगळं काढून दाखवा.

अखीन एक. दहाला बंद म्हणजे काय? दहाला शेवटची ऑर्डर घ्यायची का दहाला गाडी उचलायची? भांडे घासणं, टेबल पुसणं, कचरा गोळा करणं याले पाऊण तास लागते. दहाला गाडी उचलायची असन तं मले सव्वानवाले तवा उतरवा लागन. म्हणजे ज्या वेळी गिऱ्हाईक येते, त्याच वेळी मी भांडे घासत बसू. नाहीतर मंग न घासता, कचरा तिथंच टाकून पळू. सकाळी कुत्रे न् डुकरं ओढत बसतात तो कचरा. तुमच्या लेआउटच्याच तोंडाशी.

ठेलेवाल्यायच्या सरकारी योजनेतून, स्वनिधीचं कर्ज काढून ही गाडी घेतली हाय. हप्ता दहा वाजता बंद नाही होत.

कायद्याचं_बोला

दोन्हीकडून भावना खूप झाल्या, आता कागदावर काय आहे ते पाहू.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देतं, वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. म्हणजे गार्डनचा स्पीकर बंद करायला नव्या ठरावाची गरजच नाही. आहे तो नियम वापरला जात नाही, हे खरं दुखणं.

दुसरा कागद 2014 चा पथविक्रेता कायदा. ठेल्यांची जागा आणि वेळ ठरवताना नगर पथविक्रेता समितीला विचारावं लागतं, आणि त्या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेतेच असले पाहिजेत. आमच्याकडे ही समिती कागदावर तरी आहे का, हा प्रश्न हरकतीत पहिला लिहा. भुर्जीवाली ताईंना न विचारता त्यांची वेळ ठरवणं हे नुसतं वाईट वागणं नाही, ठराव वरच्या पातळीवर टिकायलाही अवघड आहे.

तिसरा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा. त्यानं दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला वाट करून दिली आहे. मग नगरपंचायत दहाला कशी बंद करते?

तर्रीपोहे

शाब्बास! मग संपला विषय. चोवीस तास म्हणजे चोवीस तास. ज्याले झोप येत नाही त्यानं येऊन तर्री प्यावी.

सिस्टर

संपला नाही हो दादा. चोवीस तासांची मुभा दुकानाला आहे, त्याच्या चार भिंतींच्या आत. रस्ता दुकानाचा नाही. कायद्यानं शटर उघडं ठेवता येतं, पण डांबरावर टेबल मांडायचा हक्क कुठून आला?

मी ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करते. गेटच्या समोरच चायनीजची गाडी आणि तिच्या आठ-दहा खुर्च्या. बाळंतीण घेऊन 108 येते तेव्हा ड्रायव्हरला हॉर्न देत, खुर्च्या बाजूला करायला लावत आत यावं लागतं. दवाखान्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र करायची तरतूद आहे, तो बोर्ड लावून घ्यायला आम्ही अर्ज करून थकलो. मला दहा-बाराच्या वादात पडायचंच नाही. दवाखान्यासमोर खुर्ची दुपारी दोनलाही नको.

मात्र हेही खरं की पेशंटचे नातेवाईक रात्री एकला विचारतात, ‘ताई, कुठं काही खायले भेटन का?’ तेव्हा मी त्याच गाडीकडे बोट दाखवते.

शेवटची_बस

इथे सगळे झोपेचंच बोलतात म्हणून लिहिते. मी यवतमाळला नोकरी करते. शेवटची एसटी गावात पोहोचते तेव्हा साडेदहा होऊन गेलेले असतात. स्टँडवर कंट्रोलरची खिडकी बंद, पानठेले अर्धे बंद. तिथून घरापर्यंतचा रस्ता मी चालत जाते तो फक्त त्या गाड्यांच्या दिव्यांमुळे. भुर्जीवाल्या ताई मला ओळखतात, मी गेल्याचं त्यांच्या लक्षात असतं. दहाला सगळं बंद करून तुम्ही शांतता कराल, पण त्या शांततेतून मला एकटीला चालायचं आहे. पथदिवे किती पेटतात ते नगरपंचायतीनं आधी सांगावं.

खाकीतून_निवृत्त

ताई, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. पण ज्या गर्दीमुळे तुम्हाला सुरक्षित वाटतं, त्याच गर्दीतून मी छेडछाडीच्या तक्रारी घेतल्या आहेत. बाया-पोरी दहापर्यंत जेवून जातात. त्यानंतर खुर्चीवर जो उरतो तो जेवायला आलेला नसतो. वर्ध्यात दारूबंदी, इकडे नदी ओलांडली की मोकळं. पलीकडून गाड्या भरून येतात, बाटली गाडीत ठेवतात, गार्डनमध्ये नुसता चकना आणि सोडा मागवतात. मालकाला माहीत नसतं असं कोणी सांगू नये. भांडणं तिथूनच सुरू होतात आणि बायपासला अपघातही.

लेआउटवाला

जमादार काका, हे तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात. त्रास बाटलीचा आहे आणि दंड भुर्जीला. बारची वेळ नगरपंचायत ठरवत नाही, ती उत्पादन शुल्कवाल्यांकडून येते. म्हणजे या ठरावानं काय होईल? भुर्जीची गाडी दहाला उचलली जाईल आणि समोरचा बार त्याच्या वेळेपर्यंत चालेल. पोटात काही न घालता पिणारे वाढतील, बाकी काही नाही. आणि हप्त्याचं म्हणाल तर सरसकट बंदीतही दहानंतर एखादी गाडी चालू राहतेच. ती कशी राहते, हे गावाला माहीत आहे.

जिनिंगचा_पोट्टा

मी एवढं मोठं नाही लिहू शकत. कापसाच्या दिवसात जिनिंग रात्रभर चालते. आमची मधली सुट्टी बाराच्या आसपास. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची लाइन असते, शेतकरी थंडीत ट्रॉलीवरच झोपते, कारण सकाळी नंबर गेला तं भाव पडल्यावर काटा होईन. त्यायले रात्री काय द्याचं? घरची भाकर संध्याकाळीच संपते. जिनिंगच्या गेटवर दोन गाड्या राहू द्या, बाकी गावात पाहिजे ते करा. सोयाबीनच्या मळणीतही तसंच. थ्रेशरवाले वावरातून निघतेच नऊ-दहाले.

एक_मतदार

बारावीची पोरगी घरात आहे, फेब्रुवारीत पेपर. मला ट्रॅक्टर, थ्रेशर, बस, सगळ्यांबद्दल सहानुभूती आहे. माझ्या खिडकीखाली नको, एवढंच. माझं मत दहाला.

तर्रीपोहे

मतदार भाऊ, परीक्षा एक महिना असते, ठराव बारा महिने. फेब्रुवारी-मार्चपुरते दहा करा, माझी तक्रार नाही. आमच्या काळी लाइट जायची तेव्हा याच गाडीच्या गॅसबत्तीखाली पोट्टे वाचत होते, हे सांगायचा मोह आवरत नाही, पण कोणी विश्वास ठेवणार नाही.

कायद्याचं_बोला

सिस्टरनी माझी चूक दाखवली असं कोणी समजू नये, मी प्रश्नच विचारला होता. :) पण त्यांचा धागा धरून सांगतो. वाद वेळेचा आहे असं वाटतं, मुळात तो जागेचा आहे. चुन्यानं पट्टे आखा. पट्ट्याच्या आत गाडी, बाहेर खुर्ची दिसली की जप्त, मग दुपार असो की रात्र. हे मोजायला डेसिबलचं यंत्र नको, घड्याळही नको. जमादार साहेबांना हवा तो सोपा नियम हाच आहे.

खाकीतून_निवृत्त

पट्टा पावसाळ्यात धुऊन जातो. आणि गावाकडं पाहुण्याला खुर्ची दिली नाही तर तो अपमान समजतो, तुम्ही भुर्जीवाल्याला खुर्ची देऊ नको म्हणता. तरी घड्याळापेक्षा पट्टा बरा, एवढं कबूल करतो. वेळ मात्र लिहून हवी. साडेदहा लिहा, अकरा लिहा, पण लिहा.

भुर्जीवाली_ताई

अकरा लिहा, न् शेवटची ऑर्डर अकरा असं लिहा. भांडे घासाले पाऊण तास वेगळा. मंगळवारच्या बाजाराच्या दिवशी साडेअकरा. खुर्च्या मी उचलतो, स्टुलावर बसवतो, स्टूल पट्ट्याच्या आत मावते.

लेआउटवाला

ताई, हे जसंच्या तसं हरकतीत घेतो. जिनिंगच्या गेटचा आणि दवाखान्यासमोरचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज देणार आहे. सही करायला कोण कोण येतं ते सांगा, नुसतं इथे लिहून आवक-जावक रजिस्टरला नोंद होत नाही.

एक_मतदार

मी येईन, पण वेगळा अर्ज घेऊन. त्यात दहाच असेल.

शेवटची_बस

सोमवारी माझी ड्युटी. सही रात्री चालेल का? ताईंच्या गाडीवर ठेवा, उतरले की करते.